म्वेंदेला कुठे पाठवायचं

कुवेतहून परत येऊन अडीच महिने झाले. मंडळाच्या कार्यालयाला अहवाल आल्या आठवड्यातच दिला, एका पानाचा. किती तास घेतले, किती जण आले, किती फॉर्म भरून मिळाले, एवढंच त्यात असतं. इथे नगरमध्ये मात्र भेटेल तो विचारतो, "विमलबाई, कुवेतला जाऊन आफ्रिकेच्या लोकांना काय शिकवलंत?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. जे झालं ते त्या एका पानात बसलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमचं मंडळ लहान आहे. एखाद्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या समूहाने, मिशनकार्यासाठी आपल्यातली माणसं कशी निवडावी, कशी तयार करावी आणि पाठवल्यावर त्यांना विसरू कसं नये, याचा एक अभ्यासक्रम मी वीसेक वर्षं शिकवत आले. आधी आमच्याच भागातल्या खेड्यांत, मग छत्तीसगड, ओडिशा. अलीकडे आफ्रिकेतल्या मंडळ्यांकडून बोलावणी यायला लागली. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून मिशनरी आले, ते आता म्हणताहेत की आम्हालाही कुणाला तरी पाठवायचंय. कुवेतमधल्या एका आफ्रिकी मंडळीने तसंच पत्र पाठवलं होतं. घाना, केनिया, युगांडातून कामाला आलेली ही माणसं. कंत्राट संपवून मायदेशी परतताना त्यांच्यातल्या काहींनी सरळ घरी न जाता आपापल्या देशात जिथे मंडळी नाही अशा भागात जावं, अशी त्यांची कल्पना होती.

मला जायचं नव्हतं. पासष्टी उलटली, जिना चढताना गुडघे बोलतात, आणि लोकांना "जा, जा" म्हणण्याचा कंटाळा आला होता. पण माझी भाची स्मिता तिथे असते, राहायची सोय होती, आणि हा शेवटचा दौरा असं सेक्रेटरींनी कबूल केलं. एप्रिलच्या शेवटी निघाले. पिशवीत वीस संकल्पपत्रं होती. त्यावर नाव लिहायचं, कुठे जायला तयार आहात ते लिहायचं आणि सही करायची.

खैतान

स्मिता खैतानला राहते. एका कंपनीत अकाउंट्स बघते. इमारतीच्या खाली लाँड्री, न्हाव्याचं दुकान, मोबाइलवाला, इजिप्तच्या माणसाची बेकरी, आणि सगळीकडे आपल्यासारखीच पोटासाठी आलेली माणसं. वाळवंट कुठे दिसतं म्हणून मी खिडकीतून पाहिलं, तर समोर वाळत घातलेले शर्टच शर्ट.

"आत्या, चार पावलं जायचं असलं तरी टॅक्सी कर," स्मिता म्हणाली. "इथे उन्हात चालणं म्हणजे चेष्टा नाही. आणि पासपोर्टची कॉपी पर्समध्ये ठेव."

तिच्या मुलीला, रियाला, मी विचारलं, "बाळा, शाळा कशी आहे?" ती म्हणाली, "इट्स ओके, आजी." मी मराठीत विचारत राहिले, ती इंग्रजीत सांगत राहिली. दोघींना एकमेकींचं कळत होतं. नगरहून नेलेली शेंगदाण्याची चटणी तिने खुबूसला लावून खाल्ली. खुबूस म्हणजे तिथली रोटी, तळहाताहून मोठी, बेकरीतून गरम मिळते. सकाळी दुकानदार सलाम म्हणाला, मीही सलाम म्हणाले. त्याने चमकून टिकली शोधत माझ्या कपाळाकडे पाहिलं. आमच्याकडे ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलामच म्हणतात, हे त्याला कसं समजावणार?

मीना अब्दुल्ला

दुसऱ्या दिवशी दुपारी क्वाबेना मला न्यायला आला. हा त्या मंडळीचा पाळक. घानाचा, पंचावन्नच्या आसपासचा, उंच, इस्त्रीचा शर्ट. उपासना चालवायची शुक्रवारी, बाकीचे दिवस मीना अब्दुल्ला या ठिकाणच्या एका गोदामाच्या फाटकावर वॉचमन, बारा तासांची पाळी. रिफायनरीचा तो सगळा भाग. तिथल्या कामगारांच्या खोल्यांत राहणाऱ्यांसाठी माझा पहिला तास ठेवला होता. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं; इथे मराठीत लिहितेय.

"मम्मी, एक गोष्ट आधीच सांगतो," बसमध्ये बसल्यावर तो म्हणाला. घानात वडीलधाऱ्या बाईला मम्मी म्हणतात. "इथे आपल्या जागेत प्रार्थना करायला कुणी अडवत नाही. बाहेर प्रचार मात्र करायचा नाही. आम्ही तो नियम पाळतो. तुमचं शिकवणं फक्त आमच्या माणसांसाठी."

"माहीत आहे."

"माहीत असणार. तरी मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो."

वाटेत धुळीचं वादळ आलं. आधी आभाळ पिवळं झालं, मग तपकिरी, मग समोरची बसही दिसेना. बस पुढे जाईना, म्हणून आम्ही एक थांबा आधीच उतरलो आणि मी तोंडाला पदर, त्याने रुमाल लावून अर्धा तास कुंपणाच्या कडेने चाललो. पोचले तेव्हा दातांखाली रेती करकरत होती आणि माझी पांढरी साडी चहात बुडवल्यासारखी दिसत होती.

खोलीत अकरा जण होते. रात्रपाळी करून आलेले. आधी जेवण. युगांडाच्या माणसाने मक्याच्या पिठाचा गोळा शिजवला होता, आपल्या तांदळाच्या उकडीसारखाच, पण इतका घट्ट की हाताने तोडून दाबायचा, खळगा करायचा आणि त्यात पालेभाजी घ्यायची. मीठ नावालाच. मला तो आवडला. मी दुसऱ्यांदा मागितला तेव्हा त्यांना बरं वाटलं.

मग मी शिकवायला लागले. पहिला धडा, पाठवणारी मंडळी कशी असते. वीस मिनिटांत अकरातले सहा झोपले. एक तर पेन हातात धरून, वहीवर कपाळ टेकून. क्वाबेना त्यांना उठवायला निघाला, मी नको म्हटलं. उरलेल्या पाचांसाठी आवाज खाली आणला आणि धडा संपवला. परतताना क्वाबेना फार ओशाळला होता.

"मम्मी, त्यांच्यावरून आम्हाला जोखू नका. शुक्रवारी बघा. आमचं माणूस ठरलेलं आहे. म्वेंदे. नऊ वर्षं इथे आहे, अरबी येते, तिचं गाव केनियाच्या किनाऱ्यापासून फार लांब नाही. तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आलाय. ती परत गेली की किनाऱ्याकडच्या गावांत जाईल. आम्ही वर्षभर त्यासाठी प्रार्थना करतोय."

तिचं नाव आमच्या कार्यालयालाही त्याने कळवलं होतं. मला ते निघतानाच सांगितलं गेलं होतं, आणि वाटलं होतं, चला, एक तरी फॉर्म नक्की.

शुक्रवार

तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून रविवारची उपासना शुक्रवारी. शहरातल्या चर्चच्या आवारात बऱ्याच मंडळ्या वेळ वाटून घेतात. एका सभागृहात मल्याळी, दुसऱ्यात फिलिपिनो, मग आफ्रिकी, मग तेलुगू. प्रत्येकाला दोन तास. आमच्याकडे पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं तर लोक घड्याळ बघतात. तिथे पुढची मंडळी चपला हातात घेऊन दारात उभी असते.

बायका पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला रंगीत फडकी बांधून आल्या होत्या. आठवडाभर दुसऱ्याच्या घरात खालच्या आवाजात बोलणाऱ्या त्या बायका पाऊण तास गायल्या, नाचल्या, टाळ्या वाजवल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पाहत होते. अशा वेळी पूर्वी माझ्या अंगावर काटा यायचा. त्या दिवशी मनात आलं, यांच्यात एवढं बळ कुठून येतं, आणि माझं कधी संपलं?

मग मी बोलले. पाठ झालेलंच बोलले. शेवटी फॉर्म वाटले आणि म्हटलं, ज्यांना तयारी वाटते त्यांनी उभं राहावं. कुणी उठलं नाही. सगळ्यांचे डोळे तिसऱ्या ओळीतल्या एका बाईकडे वळले. चाळिशीची, अंगाने बारीक, हात मांडीवर. हीच म्वेंदे. मला वाटलं, लाजतेय.

ती उभी राहिली. "टीचर," ती म्हणाली, "मला एक विचारायचंय. मी आले तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. आता चौदाची आहे. मधे दोनदा गेले, एकेक महिना. तिला मी फोनमध्ये दिसते. तुम्ही म्हणता घरी जा, आणि घरून पुन्हा जा. मुलीला काय सांगू?"

अभ्यासक्रमात याला उत्तर आहे. सातव्या धड्यात कुटुंब आणि बोलावणं असं एक पान आहे, मीच लिहिलंय. मी ते पान उघडलं, पहिली ओळ पाहिली आणि पुस्तक मिटलं.

क्वाबेनाने पटकन प्रार्थना सुरू केली. दारात तेलुगू मंडळी उभी होती.

मामाच्या घरी

सोमवारी म्वेंदेचा फोन आला. तिच्या मालकिणीला मला भेटायचं होतं. तिथे कामाच्या बायका घरच्या म्हाताऱ्या मालकिणीला मामा म्हणतात. मामा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मिशीवाले भाऊसाहेब मामा यायचे, आणि समोर मात्र पलंगावर काळ्या वस्त्रातली, पंचाऐंशीच्या घरातली, अर्धांगाचा झटका आलेली बाई. झाडं असलेल्या शांत वस्तीतलं मोठं घर, खोलीत उदाचा वास. फिकट पिवळी, वेलदोडा घातलेली कॉफी आली, इवल्याशा पेल्यात, सोबत खजूर. पेला रिकामा झाला की म्वेंदे पुन्हा भरायची. चौथ्यांदा तिने हळूच सांगितलं, पुरे असेल तर पेला हातात जरा हलवायचा. मी हलवला तेव्हा म्हातारी हसली.

ती अरबीत बोलायची, म्वेंदे मला सांगायची.

"मामा विचारतात, तुम्ही हिला न्यायला आलात का?"

"न्यायला नाही," मी म्हटलं. "कुठे जायचं ते विचारायला."

"मामा म्हणतात, ही स्वयंपाकघरात प्रार्थना करते, मी इथे करते. आमचं त्यावरून कधी भांडण नाही." पुढे म्हातारी बराच वेळ बोलली आणि म्वेंदे पेले गोळा करायला लागली. म्हातारीने तिच्या हातावर चापट मारली. सांग म्हणून.

"मामा म्हणतात..." म्वेंदे खाली बघून म्हणाली, "मी हिला दोन वर्षं सांगतेय, मुलीकडे जा. माझ्या मुलाने तिकीटही देऊ केलं. हीच जात नाही. म्हणते, तुम्हाला कुशीवर कोण वळवणार. मला वळवायला दुसरी मिळेल. हिच्या मुलीला दुसरी आई मिळणार नाही."

मी म्वेंदेकडे पाहिलं. शुक्रवारी मला वाटलं होतं की हिला इथून सुटून मुलीकडे जायचंय आणि आम्ही तिच्या वाटेत उभे आहोत. ते तसं नव्हतं.

परतताना तिला एक तासाची सुट्टी मिळाली. ती माझ्याबरोबर टॅक्सीत खैतानपर्यंत आली.

"मुलगी माझ्याशी बोलत नाही, टीचर," ती वाटेत म्हणाली. "फोन आजीकडे देते. मागच्या वेळी गेले तर महिनाभर मला 'तुम्ही' म्हणायची. मी इथे म्हाताऱ्या बाईची पाठ धुते, ते मला जमतं. घरी जाऊन काय करू तेच कळत नाही. पास्टर म्हणाले, किनाऱ्यावर जा, देवाचं काम आहे. मला वाटलं, बरं झालं. घरी दोन आठवडे राहायचं आणि निघायचं. कुणी दोष देणार नाही."

"मग शुक्रवारी सही का केली नाहीस?"

"तुम्ही फॉर्म हातात दिलात. नाव लिहायला लागले आणि लाज वाटली."

मग मी तिला माझं सांगितलं. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नव्हतं, स्मितालाही नाही, आणि तिला तर ते अर्धं माहीत आहे, कारण ती त्याच घरात वाढली. माझे पती लवकर गेले. मुलगा सहा वर्षांचा असताना मी त्याला भावाकडे ठेवून दौरे करायला लागले. आधी आठवडा, मग महिना. सगळे म्हणायचे, विमलबाईंचा त्याग केवढा. एकदा दीड महिन्याने आले तेव्हा त्याला ताप होता. मी उशाशी बसले. त्याने डोळे उघडले आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "मामी, पाणी." स्मिताच्या आईला. मी उठून तिला जागा करून दिली.

"आता बोलतो का तो?" म्वेंदेने विचारलं.

"बोलतो. विचारपूस करतो. चांगला आहे."

"मग तुम्ही गेलात ते चुकलं का?"

"म्वेंदे, मी गेले त्या गावांतून आज मंडळ्या आहेत. तिथली माणसं मला आई म्हणतात. चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि बरोबर होतं असंही म्हणवत नाही. पण मी घरापासून पळत होते का, असं कुणी तेव्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं."

टॅक्सीवाला पाकिस्तानी होता. पैसे घेताना तो मला म्हणाला, "अम्मा, दुआ करना." आमचं त्याला किती कळलं होतं कुणास ठाऊक.

दस्मान

बुधवारी संध्याकाळी मी क्वाबेनाला दस्मानला समुद्रकाठी भेटायला बोलावलं. तिथे कुटुंबं सतरंज्या, थर्मास घेऊन बसतात. वारा होता, पण गरम, इस्त्रीच्या वाफेसारखा. पाण्यावर काठावरच्या उंच मनोऱ्यांचे दिवे पडले होते. मी त्याला सरळ सांगितलं की म्वेंदेचं नाव मी नेणार नाही. तिला आधी घरी जाऊन राहू दे, आणि तिला घरी पाठवणं हेच मंडळीने आपलं काम समजावं.

तो शांतपणे बोलला, आणि त्या शांतपणाचाच मला त्रास झाला.

"मम्मी, माझ्या आजोबांच्या काळापासून लोक आमच्याकडे आले. आम्ही घेणारे, ते देणारे. पहिल्यांदा कुणी म्हणालं, तुम्हीही पाठवू शकता. ते तुम्ही म्हणालात. आमची माणसं हाउसमेड आहेत, वॉचमन आहेत, तरी वर्षभर उपास करून त्यांनी एक माणूस तयार केलं. आता तुम्हीच म्हणता, नको."

"मी पाठवू नका म्हणत नाही."

"पहिलंच माणूस तुम्ही काढून घेतलंत. मी त्यांना काय सांगू? हेच की आम्हाला जमत नाही?"

तो अगदी चुकीचं बोलत नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही तिला विचारलं होतंत का, की ठरवून सांगितलं होतंत?"

"मी पाळक आहे. मी ओळखतो माझी माणसं."

"मीही असंच म्हणायचे."

त्याला पाळीवर जायचं होतं. तो उठला, मला रस्ता ओलांडून टॅक्सीत बसवलं, दार लावलं. "शुक्रवारी भेटू" एवढंच म्हणाला. मम्मी म्हणाला नाही.

शेवटचा शुक्रवार

त्या दिवशी मी धडा घेतला नाही. मंडळीसमोर उभी राहून म्हटलं की इतकी वर्षं मी लोकांना पाठवायला शिकवत आले, पण पाठवण्याआधी माणसाला विचारायला शिकवलं नाही. त्याची मी क्षमा मागते. मग म्वेंदेला पुढे बोलावलं. तिने आपल्या मुलीचं नाव सांगितलं. नऊ वर्षांत त्या मंडळीत ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "मला मुलीकडे जायची भीती वाटते. तुम्ही किनाऱ्यासाठी प्रार्थना करत होतात तशी यासाठी करा."

क्वाबेना पहिल्या ओळीत मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, हा उठून बाहेर जाणार.

तो उठला तो टेबलापाशी गेला. तिथे ठेवलेल्या कोऱ्या फॉर्मपैकी एक घेतला आणि उभ्या उभ्या लिहायला लागला. सगळे बघत होते. लिहून झाल्यावर त्याने तो मला न देता मंडळीला वाचून दाखवला. घानाच्या उत्तरेकडच्या एका जिल्ह्याचं नाव होतं. "माझी बायको घानातच आहे. सात वर्षं म्हणतेय, दोघं मिळून तिकडे जाऊ," तो म्हणाला. "मी तिला सांगायचो, इथल्या माणसांना सोडून कसा येऊ. मम्मी म्हणतात, विचारायला हवं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बायकोला उत्तर दिलं नाही. आज देतो."

मग बायकांनी गाणं धरलं आणि म्वेंदे आणि क्वाबेना, दोघांच्या डोक्यांवर हात ठेवले. गाणं अर्ध्यावर असताना दार वाजलं, आमचा वेळ संपला होता. तेलुगू मंडळी आत आली आणि काही न विचारता मागे उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

बाहेर पडताना क्वाबेना माझी पिशवी घेऊन चालत होता. मी विचारलं, "राग गेला का?"

"थोडा राहिलाय," तो म्हणाला.

अहवालात मी लिहिलं: दोघांना पाठवलं, एकाला कार्यावर, एकीला घरी. सेक्रेटरींचा फोन आला की दुसरं नाव आपल्या तक्त्यात बसत नाही, काढून टाका. मी म्हटलं, तक्त्यात एक रकाना वाढवा. अजून त्यावर बैठका चालू आहेत, आणि मी त्या बैठकांना जात नाही.

गेल्या आठवड्यात म्वेंदेचा मेसेज आला. घरी पोचून वीस दिवस झालेत. मुलगी बस थांब्यावर घ्यायला आली नव्हती, घरीच होती. पहिले काही दिवस ती आजीजवळ झोपली. जेवताना ताट घेऊन बाहेर जायची. मग एके दिवशी म्वेंदे अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. मुलगी आली, समोर बसली, तिच्या सुपातल्या शेंगा घेऊन सोलायला लागली. तासभर दोघी सोलत होत्या. ती एक शब्द बोलली नाही, पण उठूनही गेली नाही. टीचर, आता मी काय करू, असं म्वेंदेने विचारलं होतं.

मी तिला लिहिलं, "काही करू नकोस. बसून राहा."